बोटीवरची शिदोरी

नमस्कार श्रोतेहो.

परवाच्या रविवारी आमच्या डोंबिवलीच्या घरी अकरा माणसं जेवायला होती. त्यात नातेवाईक एकही नाही. सगळी बोटीवर भेटलेली. कुणी मुंबई-गोवा क्रूझवर नाश्त्याच्या रांगेत, कुणी सिंगापूरहून पेनांगला जाताना लिफ्टमध्ये. दोन-तीन महिन्यांनी कुणा एकाकडे जमायचं, प्रत्येकानं बोटीवर खाल्लेला एखादा पदार्थ घरी करून आणायचा, आणि मग चार तास बोटीशिवाय दुसरा विषय नाही. आमची सून याला ‘क्रूझवाल्यांची भिशी’ म्हणते. भिशीत निदान पैसे तरी जमतात, इथे नुसतं वजन वाढतं.

मला एका गोष्टीची नेहमी गंमत वाटते. क्रूझवर आपण साधा चहासुद्धा करत नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत खाली शेकडो माणसांचा नाश्ता तयार असतो. मग या मंडळींच्या गप्पांत पाककृतींचाच एवढा भरणा का? माझं उत्तर अगदी घरगुती आहे. ज्या बाईनं चाळीस वर्षं पहाटे कुकर लावला, तिला पहिल्या दिवशी वाटतं, काय हे सुख! तिसऱ्या दिवशी हात शिवशिवायला लागतात. हातांना काम नाही, मग तोंड सुरू होतं. शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई विचारते, तुमच्याकडे मासे कसे करतात? झालं. दुपारच्या चहापर्यंत दोघींच्या डायऱ्या बाहेर.

माझ्या लहानपणी बोटीवर याच्या अगदी उलट होतं. आमचं गाव मालवण. साठच्या दशकात मे महिना आला की भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट पकडायची. रोहिणी, सरिता, कोकण सेवक ही नावं आमच्या पिढीला मावश्यांच्या नावांसारखी पाठ होती. सकाळी मुंबई सोडली की जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत बोट पुढे पणजीला जायची. डेकवर वळकटी पसरायची, उशाला ट्रंक, आणि ट्रंकेवर शिदोरीचं फडकं. त्यात दुधातल्या दशम्या, लसणीची चटणी, उकडलेली अंडी. ओलं खोबरं घातलेलं काही नाही, ते उन्हात आंबतं. दिवे लागले की फडकी सुटायची आणि शेजारच्या वळकटीवरून आवाज यायचा, “वायच सुकटाची चटणी घेवा.” तिकडून चटणी आली की इकडून दशमी जायची. रेसिपी कुणी विचारायचं नाही. पदार्थच हातात यायचा.

बोटीचा त्रास व्हायचा तोही सगळ्यांना मिळूनच. मराठीत बोट ‘लागते’. ठेच लागावी, नजर लागावी, तशी. आईच्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या असायच्या, त्या ओळखीच्या आणि अनोळखी पोरांना सारख्याच वाटल्या जायच्या. पुढे अलास्काच्या क्रूझवर माझं डोकं गरगरायला लागलं, तर स्ट्युअर्डनं हिरवं सफरचंद आणि आल्याची गोळी आणून दिली. आल्याची! मी पर्स उघडून त्याला आमची वडी दाखवली. तो इंडोनेशियाचा होता. त्यानं ती तोंडात टाकली आणि म्हणाला, आमच्याकडेही आलंच. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी जाता जाता सांगते, केबिन घेताना मधली आणि खालच्या डेकवरची मागा. बाल्कनीच्या मोहानं वर, टोकाला जाऊ नका. तिथं हेलकावा जास्त.

क्रूझवर पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते. भोंगा वाजतो, लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठं जमायचं, ते दाखवतात. लोक कुरकुरतात, बुफे थांबलेला असतो ना. मी कधी कुरकुरत नाही. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरात ‘रामदास’ म्हटलं की आजी हातातलं काम खाली ठेवायची. आणि हे काही फक्त जुन्या काळातलं नाही. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ बोट खडकावर आदळली, 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या कवायत, हा नियम त्यानंतर आला. तेव्हा पंधरा मिनिटं उभं राहायला काय जातं आपलं?

असो. क्रूझवरचा मला आवडणारा दिवस म्हणजे बंदर नसलेला. उतरायचं नाही, बस पकडायची नाही. पहाटे सहाला डेकवर चालणारे आपापल्या फेऱ्या मोजत असतात, दोन दिवसांत त्यांचे चेहरे पाठ होतात. आठ वाजता पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल पडलेले दिसतात. गोरे लोक टॉवेल टाकून जागा धरतात हे पाहून आमच्या ह्यांना फार धीर आला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात ह्यांची हयात गेली आहे! केबिनच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून सराईत मंडळी घरून लोहचुंबक नेतात आणि दिवसभराचा कार्यक्रम भिंतीला चिकटवतात. काहीजण रबराची छोटी बदकं लपवून ठेवतात, सापडेल त्याची. मला जिन्याच्या कठड्याखाली पिवळं बदक सापडलं होतं. ते आता आमच्या देवघराशेजारी बसतं, नातवाच्या हट्टानं. कॅसिनोबद्दल मला विचारू नका. इतका मोठा समुद्र बाहेर पसरलेला असताना बिनखिडकीच्या खोलीत बसून बटणं दाबायची, हे मला अजून कळलेलं नाही.

मुंबई-गोवा क्रूझवर आमच्या टेबलावर वाढायला गोव्यातल्या सासष्टीचा एक मुलगा होता. आमचं मराठी ऐकून त्यानं हळूच विचारलं, “तुमी खंयचीं?” मालवण म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याचे आजोबा तारवटी. तारू म्हणजे जहाज, त्यावर नोकरी करणारा तो तारवटी. गोव्याची हजारो माणसं ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर खानसामे आणि स्ट्युअर्ड म्हणून गेली. बोट मिळेपर्यंत ती मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडी’त राहायची. एका गावाची एक कूड, भिंतीला लागून पेट्या, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. त्याचे आजोबा पेटीत कोळंबीच्या बालचावची बरणी न्यायचे. व्हिनेगरमधलं लोणचंच ते, महिनोन्महिने टिकणारं. मी त्याला विचारलं, तू काय नेतोस? म्हणाला, “काही नाही, मावशी. खाली आमच्या मेसमध्ये शीत-कडी मिळते.” वरती आम्ही सात तऱ्हेचे केक चाखत होतो आणि खाली तो भात आणि माशाची कडी जेवत होता. मला क्षणभर त्याचा हेवा वाटला, खरं सांगते.

अलास्काची क्रूझ आम्हाला लेकीनं घडवली. ती सिएटलला असते. ग्लेशियर बे नावाचं एक आखात आहे. 1794 मध्ये व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं तिथं आली तेव्हा आखाताच्या तोंडाशीच बर्फ होता. आज बोट सुमारे शंभर किलोमीटर आत जाते, इतका तो मागे सरकला आहे. सकाळी एका छोट्या होडीतून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर येतात, शिडीनं बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. बोट एका हिमनदीसमोर इंजिन मंद करून उभी राहिली. शालीवर शाल घेऊनही मी कुडकुडत होते. तेवढ्यात ट्रे आले, त्यात मगभर हिरवं, दाट, वाफाळतं सूप. वाळलेल्या वाटाण्याचं. आमची बोट मूळच्या डच कंपनीची होती आणि बर्फासमोर हे सूप द्यायची त्यांची रीत आहे. पहिला घोट घेतला आणि मी ह्यांना म्हटलं, अहो, हे बिनखोबऱ्याचं सांबारं! म्हणजे आपलं काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळीबरोबर खातो ते. कुठं डच लोक, कुठं मालवण! तेवढ्यात समोरून घरभर मोठा बर्फाचा कडा सुटला. आधी तो पाण्यात पडताना दिसला, आवाज नंतर आला. तोफेसारखा. माझं अर्धं सूप शालीवर सांडलं. तो डाग अजून आहे.

त्याच डेकवर शेजारी एक स्कॉटिश आजी उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी स्वतःचा रुमाल देऊन माझी शाल पुसली, आणि तिथून सुरुवात झाली. संध्याकाळी त्यांनी मला शॉर्टब्रेड शिकवलं, म्हणजे सांगितलं. तीन बोटं वर केली आणि म्हणाल्या, एक, दोन, तीन. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. बाकी काही नाही. मला वाटलं, ही तर नानकटाईची मोठी बहीण. मी त्यांना सोलकढी दिली. आठ-दहा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची. एका नारळाचं दूध काढायचं. त्यात लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून. मीठ, वरून कोथिंबीर. आमसुलं जवळ होती, माझ्या पर्समध्ये नेहमी असतात, त्यातली मूठभर त्यांना कागदात बांधून दिली.

घरी आल्यावर मी शॉर्टब्रेड केलं. एक वाटी साखर, दोन वाट्या लोणी, तीन वाट्या मैदा. ओव्हन उघडला तर ताटभर तुपकट डबकं. तीनदा केलं, तीनदा डबकं. शेवटी ईमेल करून विचारलं. आजींचं उत्तर आलं, अगं, वाटीनं नाही, वजनानं! स्कॉटलंडमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

त्याच पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, तुझी सोलकढी मी मंद आचेवर वीस मिनिटं उकळली, वर पांढऱ्या गाठी आल्या आहेत आणि खाली गुलाबी पाणी, हे असंच असतं का?

सोलकढी उकळायची नसते, हे मालवणात तरी कोण कुणाला सांगतं? मी लिहिलं, गाळून घ्या, भातावर ओता, आणि पुढच्या वेळी गॅसच पेटवू नका. सोबत पाव किलो आमसुलं पार्सलनं पाठवली आहेत. पोचल्याचं पत्र अजून यायचंय.