दिवाणखान्यातलं खोकं आणि साठ डॉलरची डिस्क

मंडळी, आजची गोष्ट २०१३ सालची आहे आणि बहुतेक सगळी अमेरिकेत घडलेली आहे. २१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने रेडमंडच्या आपल्या आवारात मोठा तंबू ठोकला आणि ‘एक्सबॉक्स वन’ हा नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, जगाला दाखवला. महिना उलटायच्या आत, १९ जूनला, त्या कन्सोलचे सगळ्यात वादग्रस्त नियम कंपनीने मागे घेतले. यंत्र अजून कुणाच्या घरी पोचलंही नव्हतं. पाच महिन्यांनी बाजारात यायच्या वस्तूवरून लोक एवढे भांडले, हेच मुळात नवल.

ही हकीकत सांगणारे बहुतेक जण ‘गेमर एकवटले, कंपनी नमली’ एवढ्यावर थांबतात. मला ती तेवढी सरळ वाटत नाही. त्या तंबूत दाखवलेला टीव्ही आणि नंतर जाहीर झालेली जुन्या, म्हणजे कुणीतरी खेळून विकलेल्या, गेमवरची बंधनं या दोन वेगवेगळ्या तक्रारी होत्या असं धरलं जातं. माझ्या मते तक्रार एकच होती. पैसे मोजून घरी आणलेल्या खोक्यावर हुकूम कुणाचा चालणार?

आधी टीव्हीचं पाहू. कंपनीच्या कन्सोल विभागाचे प्रमुख होते डॉन मॅट्रिक. कार्यक्रमाचा सुरुवातीचा बराच वेळ गेममध्ये गेलाच नाही. केबलचा सेट-टॉप बॉक्स कन्सोलला जोडायचा, आणि मग टीव्हीसुद्धा कन्सोलमधूनच बघायचा. ‘एक्सबॉक्स ऑन’ म्हटलं की यंत्र जागं होणार. चॅनेलचं नाव घेतलं की चॅनेल लागणार. सिनेमा चालू असताना बाजूच्या पट्टीत स्काइपवर गप्पा. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलशी करार, आणि ‘हेलो’ या गेमवर स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या सहभागाने मालिका काढायची घोषणा. त्या सबंध कार्यक्रमातला ‘टीव्ही’ हा शब्द तेवढा कापून कुणीतरी सलग जोडला, आणि तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. ‘टीव्ही, टीव्ही, स्पोर्ट्स, टीव्ही.’ गेमरांची सगळी चीड त्यात आली होती.

कंपनीचा हिशेब मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगायला हवं. त्याआधीच्या एक्सबॉक्स ३६० वर लोक गेमसोबत सिनेमे आणि मालिकाही भरपूर बघत होते. दिवाणखान्यातल्या पडद्यावर ताबा मिळवायचा तर केबलवाल्याच्या डब्याच्या पुढे उभं राहायला हवं, हा विचार तर्काला धरून होता. पण त्यात एक गोम होती. हा सगळा थाट अमेरिकेतल्या केबलसाठी रचलेला. युरोपात टीव्हीचं चित्र सेकंदाला पन्नासच्या हिशेबाने येतं, आणि हे खोकं ते साठच्या हिशेबाने बाहेर टाकायचं. ब्रिटनमधल्या माणसाने हौसेने टीव्ही त्यातून लावला की चित्र अडखळायचं. ते दुरुस्त व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. म्हणजे ज्या सोयीसाठी एवढा गाजावाजा केला, ती सोय अमेरिकेबाहेरच्या गेमरच्या फारशी कामाचीच नव्हती.

आणि कॅमेरा! ‘किनेक्ट’ नावाचा कॅमेरा आणि मायक्रोफोन प्रत्येक खोक्यासोबत येणार, आणि तो जोडल्याशिवाय खोकं चालणारच नाही, असं ठरलं होतं. आता योगायोग बघा. जूनच्या पहिल्याच आठवड्यात एडवर्ड स्नोडेनने फोडलेली कागदपत्रं वर्तमानपत्रांत आली, आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या पाळतीच्या त्या बातम्यांत मायक्रोसॉफ्टचंही नाव होतं. आपल्या झोपायच्या खोलीत सतत कान टवकारून बसलेलं यंत्र ठेवायला कोण तयार होणार? पुढे २०१४ च्या जूनमध्ये टीव्हीवरच्या एका जाहिरातीत नटाने ‘एक्सबॉक्स ऑन’ म्हटलं, आणि जाहिरात बघणाऱ्या काही लोकांचे कन्सोल आपोआप सुरू झाले.

तर गेमरांनी त्या तंबूतून एक गोष्ट मनात नोंदवून ठेवली. आपण या खोक्याचं पहिलं गिऱ्हाईक नाही. पुढचं सगळं या नोंदीच्या उजेडात वाचावं लागतं.

आता जुन्या गेमचा बाजार. तुमच्यातल्या ज्यांनी पुण्यात अप्पा बळवंत चौकातून पाठ्यपुस्तकं घेतली आहेत आणि परीक्षा झाल्यावर परत विकली आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पुस्तकाची खरी किंमत छापील किंमत नसते. छापील किंमत वजा वर्षअखेरीस हातात येणारे पैसे, ही खरी किंमत. अमेरिकेत तेव्हा नवा गेम साठ डॉलरला मिळायचा. पोरगा तो महिनाभरात संपवायचा आणि दुकानात नेऊन द्यायचा. समजा दुकानाने त्याचे पंचवीस डॉलर दिले, तर गेम त्याला पस्तीस डॉलरला पडला. ते पंचवीस सहसा रोख मिळत नसत, पुढच्या नव्या गेमच्या बिलात वळते होत. दुकान तीच जुनी डिस्क पुसून, नवं लेबल डकवून पन्नास-पंचावन्नला विकणार. गेमस्टॉप या दुकानांच्या साखळीचा जुन्या मालाचा धंदा वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या वर होता, आणि त्यात दर डॉलरमागे सुटणारा नफा नव्या गेमपेक्षा बराच जास्त.

या दुसऱ्या विक्रीतला एक सेंटही गेम बनवणाऱ्याला मिळत नाही. प्रकाशकांचं पोट दुखायचं ते इथे. २०१० पासून ईएसारख्या गेम प्रकाशक कंपन्यांनी ‘ऑनलाइन पास’ आणला होता. नव्या गेमच्या डब्यात ऑनलाइन खेळायला लागणारा एक कोड असायचा. जुना गेम घेणाऱ्याला तो कोड वेगळे दहा डॉलर भरून घ्यावा लागायचा. लोकांनी शिव्या घातल्या, आणि ईएने ते २०१३ च्या मे महिन्यात बंद केलं, तेही एक्सबॉक्स वनच्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी. गेमरांना लगेच संशय आला: यांनी पास सोडला, म्हणजे कुलूप आता खोक्यातच येणार.

पण प्रकाशक जी गोष्ट विसरतात ती ही, की जुन्या बाजारातले ते पंचवीस डॉलर परत नव्या गेमच्याच गल्ल्यात जातात. पहिल्या दिवशी रांग लावून साठ डॉलर मोजणारा आणि जुना गेम विकणारा, हा पुष्कळदा एकच माणूस असतो.

सहा जूनला नियम कागदावर आले. त्याआधीचे दोन आठवडे कंपनीचा प्रत्येक अधिकारी वेगळंच काहीतरी सांगत होता, त्यामुळे लोक आधीच चिडलेले. नियम असे: डिस्क एकदा खोक्यात घालून गेम उतरवला की तो तुमच्या खात्याला बांधला गेला. पुढे डिस्कची गरज नाही. मात्र चोवीस तासांत एकदा तरी खोक्याने इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची, नाहीतर गेम बंद. दुसऱ्याच्या घरी खेळत असाल तर ही मुदत एका तासाची. मित्राला गेम देता येईल, पण तो मित्र तुमच्या यादीत निदान तीस दिवस असायला हवा, आणि एक गेम एकदाच देता येईल. दुकानात विकता येईल, पण ठरवून दिलेल्या दुकानातच, आणि प्रकाशकाची परवानगी असेल तरच. तात्पुरता उसना देणं किंवा भाड्याने देणं सुरुवातीला नाहीच.

अमेरिकेत या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. एका प्रकाशकाने कादंबरीत छापलं होतं, की ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं हा कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. न्यायालयाने प्रकाशकाला सांगितलं, एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीवरचा तुमचा हुकूम संपला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००२ साली नेमका जुन्या व्हिडिओ गेमच्या बाबतीतच दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला. एक्सबॉक्स वनच्या नियमांनी हे निकाल मोडले नव्हते, त्यांना वळसा घातला होता. डिस्क विका ना, कोण अडवतंय? फक्त विकत घेणाऱ्याच्या घरी ती चालणार नाही.

मग आली लॉस एंजलिसची ई-थ्री, म्हणजे व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन; कंपन्यांचे कार्यक्रम त्याच्या आदल्या दिवशी, १० जूनला. सकाळी मायक्रोसॉफ्टने किंमत सांगितली, ४९९ डॉलर. संध्याकाळी सोनीच्या व्यासपीठावर कंपनीच्या अमेरिकेतल्या गेम विभागाचे प्रमुख जॅक ट्रेटन उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या नव्या कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन ४ वर, जुन्या गेमसाठी कुठलंही नवं बंधन नसेल. सभागृहात टाळ्या थांबेनात. आणि किंमत ३९९. सोनीने एक वीस-बावीस सेकंदांचा व्हिडिओही टाकला, ‘प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यायचा’. त्यात एक माणूस डबा दुसऱ्याच्या हातात देतो. संपलं. एवढी स्वस्त आणि एवढी जिव्हारी लागणारी जाहिरात मी तरी दुसरी पाहिली नाही.

त्याच संध्याकाळी सोनीने आणखी एक गोष्ट केली होती. प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन एकत्र खेळणं फुकट होतं. प्लेस्टेशन ४ वर त्यासाठी वर्षाला पन्नास डॉलरची वर्गणी लागणार होती. टाळ्यांच्या गजरात ते कुणाला ऐकूच आलं नाही. मी सोनीला या गोष्टीचा नायक मानत नाही तो त्यामुळे.

इंटरनेट नसणाऱ्यांनी काय करायचं, असं मॅट्रिक यांना त्याच दिवसांत मुलाखतीत विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा मतलब असा होता: अशा लोकांसाठीही आमच्याकडे यंत्र आहे, त्याचं नाव एक्सबॉक्स ३६०. अमेरिकी नौदलातली मुलं महिनोन्‌महिने जहाजावर असतात, त्यांच्यातूनही ओरड झाली. यंत्र सुरुवातीला जिथे चालणार होतं त्या देशांच्या पहिल्या यादीत २१ नावं होती. पोलंड त्यात नव्हता, आणि गंमत म्हणजे ई-थ्रीच्या त्याच व्यासपीठावर ‘द विचर ३’ हा पोलंडमध्येच तयार होत असलेला गेम मायक्रोसॉफ्टने मिरवला होता. भारतही त्या यादीत नव्हता. इथले गेमर लॅमिंग्टन रोडवरून जुन्या डिस्का घेऊन, बदलून खेळणारे. त्यांच्यासाठी तर हे नियम म्हणजे दारच बंद. शेवटी एक्सबॉक्स वन भारतात अधिकृतपणे आला २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, ३९,९९० रुपयांना. तोवर नियम गेलेले होते.

मला विचाराल तर या भांडणात एक चांगली कल्पनाही चिरडली गेली. सहा जूनच्याच कागदात म्हटलं होतं, की घरातली दहा माणसं तुमचे गेम कुठल्याही एक्सबॉक्स वनवर खेळू शकतील. १९ जूनला माघार घेताना मायक्रोसॉफ्टने हजेरी काढली, विक्रीवरची बंधनं काढली, आणि त्यासोबत हे कुटुंबाचं कलमही काढलं. डिस्क पुन्हा खोक्यात घालूनच खेळायची. गंमत अशी, की २०१३ च्याच सप्टेंबरमध्ये संगणकावरच्या गेमसाठी व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या ऑनलाइन दुकानावर जवळपास तशीच सोय जाहीर केली आणि लोकांनी तिचं स्वागत केलं.

आता कुणी म्हणेल, स्टीमवरचा गेमही विकता येत नाही, मग ते चालतं आणि हे नाही, असं का? २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ साठी स्टीम सक्तीचं केलं तेव्हा तिथेही बोंब झाली होती. पण पुढे स्टीमवर गेम सेलमध्ये दोन-पाच डॉलरला मिळू लागले. पुनर्विक्रीचा हक्क गेला, त्याचा मोबदला किमतीत मिळाला. मायक्रोसॉफ्ट साठ डॉलर तेच ठेवून हक्क मागत होती. आणि बदल्यात दाखवत काय होती? टीव्ही.

मॅट्रिक १ जुलैला कंपनी सोडून झिंगा या गेम कंपनीत गेले. नोव्हेंबरमध्ये दोन्ही कन्सोल आठवड्याच्या अंतराने बाजारात आले. २०१४ च्या जूनमध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स ३९९ ला विकायला काढला. मालिका-चित्रपटांसाठी काढलेला स्टुडिओ त्याच वर्षी गुंडाळला. प्लेस्टेशन ४ दुपटीहून जास्त खपला, हे पुढे मायक्रोसॉफ्टनेच ब्राझीलच्या स्पर्धा आयोगापुढे मान्य केलं. केबलची वायर घालायचं ते छिद्र २०२० च्या एक्सबॉक्सवर उरलंही नाही.

पण जुन्या गेमचं काय झालं? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिस्कच्या फटीशिवायचा एक्सबॉक्स वन आणला. २०२० मध्ये सोनीनेही तसलाच प्लेस्टेशन ५ आणला. त्यावरचा एकही गेम विकता येत नाही, उसना देता येत नाही. यावेळी तंबू नव्हता, मोर्चा नव्हता. डिस्कवालं यंत्र शेजारीच ठेवलेलं होतं आणि हे थोडं स्वस्त होतं. २०१३ ला जे हुकमाने जमलं नाही, ते किमतीच्या फरकाने जमलं.

आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच २ सोबत ‘गेम-की कार्ड’ काढलं. ते विकता येतं, मित्राला देता येतं, खात्याला बांधलेलं नसतं. फक्त त्या कार्डात गेमच नसतो; कार्ड घालून तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. डब्याच्या दर्शनी भागावर खाली तसं छापलेलं असतं. तेव्हा नातवंडासाठी जुना गेम घेणार असाल, तर चित्र बघण्याआधी ती खालची पट्टी वाचा, आणि कार्ड डब्यात आहे ना, ते दुकानातच उघडून बघा.