रेडिओशी अबोला

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

1970 साली सेशेल्स बेटांवर 'फेबा' नावाचं ख्रिस्ती प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. त्याच्या अँटेना समुद्रातल्या प्रवाळखडकावर उभारलेल्या. तिथून शॉर्टवेव्हवर निघालेला आवाज अरबी समुद्र ओलांडून आपल्या देशात यायचा, इथल्या अनेक भाषांत. 2003 साली ती सेवा थांबली. अशा केंद्रांना आपलं कोण ऐकतंय हे कळायचं ते मुख्यतः पत्रांवरून. ज्याने पत्र टाकलं नाही, तो ऐकता ऐकता गहिवरला की खरखर वाढली म्हणून त्याने बटण फिरवलं, याचा पत्ता लागायचा नाही.

आज आपल्याला बोलायचं आहे ते रेडिओचा हा मार्ग सोडून धर्माचं सांगायला दारोदार पायी निघणाऱ्यांबद्दल. अलिबाग-नवगावचे बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, किंवा पारशी यांना मी यात धरत नाही. त्यांना कुणाला आपल्या धर्मात ओढायचंच नसतं. ज्याला आंबा विकायचाच नाही, तो दलालाकडे कशाला जाईल?

आपल्या किनाऱ्यावर जवळून पाहता येण्यासारखं उदाहरण तबलीगी जमात या मुसलमानांमधल्या चळवळीचं. मौलाना मुहम्मद इलियास यांनी 1920च्या दशकात दिल्लीजवळच्या मेवातमध्ये हे काम उभं केलं. इथे एक खुलासा लागतो : त्यांचा रोख आधीच मुसलमान असलेल्यांवर असतो, इतरांना मुसलमान करण्यावर नाही. रेडिओ नको, टीव्ही नको, वर्तमानपत्रात जाहिरात नको. चित्राबद्दलचा धार्मिक आक्षेप हे त्याचं एक कारण, पण ते एकटं पुरत नाही, कारण रेडिओला चित्र कुठे असतं? खरं कारण त्यांच्या कामाच्या घडणीत आहे. ज्याला सांगायचं तो बदलेल न बदलेल, सांगायला निघालेला मात्र बदललाच पाहिजे. म्हणून महिन्यातले तीन दिवस, वर्षातले चाळीस दिवस म्हणजे चिल्ला, आणि जमलं तर आयुष्यात एकदा सलग चार महिने घराबाहेर काढायचे. मुक्काम मशिदीत, अंथरूण आपलं, भाडं आणि शिधा स्वतःच्या खिशातून. स्टुडिओत बसून बोलणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही.

आता गश्त, म्हणजे त्यांची दारोदारची फेरी, कशी चालते ते पाहा. वेळ असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजानंतरची, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या आत परत यायचं. सात-आठ जण रस्त्याच्या एका कडेने, नजर खाली ठेवून चालतात. पुढे रहबर, म्हणजे गावातलाच माणूस. दारावर हाक तो मारतो, ओळख तो करून देतो. बोलतो एकटा मुतकल्लिम, म्हणजे बोलण्यासाठी नेमलेला माणूस, तेही मोजकंच, आणि शेवटी 'आत्ताच मशिदीत चला' असं निमंत्रण. अमीर, म्हणजे गटाचा प्रमुख, सगळ्यांवर लक्ष ठेवतो. दारात बाई आली तर बाजूला सरून घरातल्या पुरुषाची चौकशी करायची, उंबऱ्याच्या आत जायचं नाही. एक-दोघे मशिदीतच दुआ करत थांबलेले असतात. मगरिबनंतर बयान, म्हणजे प्रवचन, आणि मग तशकील : कोण किती दिवस देणार, ते उभं राहून सांगायचं आणि नाव लिहून घ्यायचं. सगळ्या संध्याकाळचा हिशोब या नावांत असतो. रेडिओला ही वही ठेवता येत नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. रहबर नसेल तर दारं उघडत नाहीत. मुतकल्लिम लांबला तर समोरचा घड्याळ बघतो. आणि सर्वात मोठा धोका मसल्यांचा, म्हणजे धार्मिक नियमांबद्दलच्या मतभेदांचा. कोकणी मुसलमान शाफई, तर उत्तरेकडून आलेल्या जमाती, म्हणजे असे फिरते गट, बहुधा हनफी; हे दोन्ही सुन्नी मुसलमानांचे धर्मशास्त्रीय संप्रदाय. शाफई पद्धतीत असरची वेळ हनफीपेक्षा पाऊण-एक तास आधी सुरू होते. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजात शाफई रोज कुनूत ही प्रार्थना म्हणतात, हनफी म्हणत नाहीत. पाहुण्याने यावर तोंड उघडलं की त्या मशिदीत पुढच्या जमातीला जागा मिळणं अवघड. म्हणूनच मसले आणि राजकारण या दोन्हींवर बोलायचं नाही, असा दंडक आहे. समोरासमोर असताना चेहरा बघून जीभ आवरता येते. प्रक्षेपणात हनफी, शाफई, हिंदू शेजारी, सगळे एकदमच ऐकत असतात. एकासाठी काढलेला शब्द दुसऱ्याला लागतो आणि निस्तरायला तिथे कुणी नसतं. शिवाय गाठायचा माणूस केव्हा घरी असतो, हे गावात फिरणाऱ्यालाच ठाऊक. मासेमारी करणाऱ्या वाडीत तो भेटण्याची जास्त शक्यता 1 जून ते 31 जुलैच्या बंदीकाळात, पण तेव्हा पाऊस वाट अडवतो.

आता दुसरं उदाहरण. मला ते जास्त मोलाचं वाटतं, कारण या लोकांनी रेडिओ वापरून मग सोडला. यहोवाचे साक्षीदार, हा एक ख्रिस्ती पंथ. 24 फेब्रुवारी 1924 रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर त्यांचं डब्ल्यूबीबीआर हे स्वतःचं केंद्र सुरू झालं. 1930च्या दशकात ते हातात फोनोग्राफ घेऊन दारोदार जायचे आणि साडेचार मिनिटांची तबकडी लावायचे. अडचण उघड होती : तबकडी संपल्यावर घरमालकाने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं कुणी? 1943 पासून सभासदांना स्वतः बोलायला शिकवणारे नियमित वर्ग सुरू झाले आणि फोनोग्राफ मागे पडला. 1957 साली केंद्रही विकलं. आता दोघे मिळून जातात, भाग नकाशावर वाटून घेतलेला असतो. घर बंद होतं की उघडं, कुणी ऐकलं, परत कधी जायचं, याची टिपणं ठेवतात. खरं काम पहिल्या भेटीत होत नाही, पुनर्भेटीत होतं. आधार म्हणून ते बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांमधलं 'घरोघरी' शिकवल्याचं वचन दाखवतात.

आपल्याकडे कायद्याचाही थोडा भाग आहे, पण फार नाही. धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी संबंधित कंपनीला खाजगी एफएमचा परवाना मिळत नाही. आकाशवाणीच्या संहितेत कुठल्याही धर्मावर किंवा समाजावर हल्ला निषिद्ध आहे. तरी यूट्यूबला असला परवाना लागत नाही, आणि तिथेही ही मंडळी बिचकतात, तेव्हा सगळं कायद्यावर ढकलता येणार नाही.

अबोला पूर्ण आहे असंही नाही. साक्षीदारांनी ऑक्टोबर 2014 पासून इंटरनेटवर स्वतःची वाहिनी चालवली आहे, पण तिथला बराचसा मजकूर आपल्याच लोकांना बळ देण्यासाठी असतो. मार्च 2020 मध्ये साथीमुळे त्यांना जगभर दारोदार जाणं थांबवावं लागलं. वाहिनी तयार होती, तरीही सभासदांना सांगितलं गेलं ते पत्र लिहा आणि फोन करा, म्हणजे एकावेळी एकाच माणसाशी बोला. 1 सप्टेंबर 2022 पासून ते पुन्हा दारात उभे राहू लागले.