बगळ्याचे पाय आणि विकतचं सॉफ्टवेअर

विषय मीच सुचवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. हौसेनं लाकूडकाम करणाऱ्यानं नक्षी आखायच्या सॉफ्टवेअरला पैसे मोजावेत का? उत्तर देणार आहे. आधी एक पाहणी करू. ज्यांच्या घरी स्क्रोल सॉ, म्हणजे नक्षी कापायची बारीक पात्याची यंत्र-करवत, आहे त्यांनी हात वर करा. वा! आता ज्यांनी ती घरात विचारून आणली त्यांनीच हात वर ठेवा... बघा, किती भराभर खाली आले. म्हणजे खर्चाचा विषय इथे जपूनच काढायला हवा.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. त्यानं भारीतलं सॉफ्टवेअर घेतलं. फोटो टाका, कळ दाबा, कापायला नक्षी तयार, अशी त्याची ख्याती. यानं पाण्यात उभ्या बगळ्याचा फोटो टाकला. नक्षी खरोखर सुरेख आली. मान, चोच, खाली दोन काडीसारखे पाय. कागद फळीला चिकटवला, आतल्या मोकळ्या जागांत भोकं पाडून पातं ओवलं आणि कापायला बसला. पहिला गेला डोळा. डोळा म्हणजे चहूबाजूंनी पोकळीनं वेढलेला ठिपका, त्याला धरून ठेवणारं काहीच नाही. कापून झाला की भुशात. अशा ठिकाणी नक्षीत एक बारीक पूल ठेवावा लागतो, हे स्टेन्सिल कापणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. सॉफ्टवेअरला तो फक्त काळा ठिपका दिसला.

डोळ्याचं एक वेळ ठीक, बगळा ध्यानस्थ आहे म्हणून खपवता येतं. पायांचं काय? मित्रानं फळी वाचवायला नक्षी आडवी लावली होती. म्हणजे रेषे उभे आणि पाय आडवे. लाकूड रेष्यांच्या दिशेनं चिवट असतं, पण रेषे आडवे गेले की सहज तुटतं. कापताना पाय टिकले. कागद सोलताना एक गेला, आणि ‘बगळे एका पायावरच उभे राहतात’ असं मी म्हणेपर्यंत दुसराही गेला. यानं कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, नवी आवृत्ती घ्या. आता नव्या आवृत्तीला तरी फळीचे रेषे कुठून दिसणार? उपाय साधे होते. नक्षी ९० अंशांत फिरवायची, किंवा प्लाय घ्यायचा, कारण त्यात एकाआड एक थरांचे रेषे काटकोनात असतात. नाहीतर पायांच्या मध्ये लव्हाळ्याची दोन पाती काढून पायांना आधार द्यायचा. तिन्हींना लागते फक्त पेन्सिल.

फोटोची रेघ करून देण्याचं काम इंकस्केप नावाचं चित्र आखायचं सॉफ्टवेअर फुकट करतं, २००३ पासून ते मोफत आहे. त्यातही रेघेवर शंभर वेडेवाकडे बिंदू येतात, ते हातानं साफ करावे लागतात. पण ते पैसे भरूनही करावेच लागतात!

जाता जाता प्रिंटरचं सांगतो, कारण त्याचा राग सॉफ्टवेअरवर निघतो. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर नक्षी गुपचूप आकसते. कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ काढा आणि छापल्यावर पट्टीनं मोजा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. म्हणजे मुख्य मुद्दा आता पळत पळत.

माझं म्हणणं असं, की पैसे हिशेबासाठी द्या, रेघांसाठी देऊ नका. लाकडाचे तुकडे जोडून कडी करायची, ती एकावर एक चिकटवायची आणि लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत घडवायच्या यंत्रावर, त्यांचा वाडगा करायचा, असं करणारे इथे आहेत. एका कड्यात १२ तुकडे, तर प्रत्येक टोक १५ अंशांत कापायचं. कड्याचा व्यास ३०० मिलिमीटर धरला तर तुकड्याची बाहेरची कड साधारण ८०.४. एवढं कॅल्क्युलेटरवर होतं. पण फुलदाणीत प्रत्येक कडं वेगळ्या व्यासाचं असतं आणि भिंतीची जाडीही सांभाळायची असते. तिथे सॉफ्टवेअर तुमच्या कितीतरी संध्याकाळी वाचवतं, तिथे जरूर घ्या. मात्र कोन ०.१ अंशानं चुकला तर २४ टोकांत मिळून २.४ अंशांची फट पडते. ती टाळायला करवतीचा जिग, म्हणजे तुकडा ठरल्या कोनात धरणारा साचा, नीट बसवावा लागतो, सॉफ्टवेअर तिथे कामाचं नाही.

पट्ट्या जोडून केलेल्या चौकड्यांच्या चॉपिंग बोर्डाचंही तेच. ६०० मिलिमीटरच्या फळीतून ४० च्या पट्ट्या कागदावर १५ निघतात. करवतीचं पातं दर कापाला ३ मिलिमीटर खातं, म्हणून हातात येतात १४, तेही १ मिलिमीटर उरवून. हा हिशेब धरणारं आणि रंग बदलून दाखवणारं सॉफ्टवेअर कामाचं. पण वर्षातून एखादाच बोर्ड करत असाल तर चौकड्यांचा कागद बास.

वर्गणीचं घेणार असाल तर आधी एकच गोष्ट तपासा. वर्गणी थांबल्यावर तुमची नक्षी एसव्हीजी किंवा डीएक्सएफमध्ये, म्हणजे इतर सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या फायलींत, बाहेर काढता येते का? माझ्या काही फायली अशाच एका कुलुपात अडकून आहेत. कंपनीचं नाव घेत नाही, अजून भांडण चालू आहे. फुकट आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. स्केचअप या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरची संगणकावर उतरवून घ्यायची मोफत आवृत्ती २०१७ नंतर निघालीच नाही.

सीएनसीवाल्यांचं, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर लाकूड कापणाऱ्यांचं, राहिलं. त्यांचा हिशेब वेगळा, कारण तिथे यंत्राला पात्याचा मार्ग सांगायला सॉफ्टवेअर लागतंच. त्यांनी बाहेर गाठा, मी जिन्यापाशी आहे.