रणगाडे चुकले तर चुकू देत

श्रोतेहो, नमस्कार.

जुना युद्धपट बघायला बसलं की एखादा जाणकार शेजारी असतोच. ‘अहो, हा टायगर रणगाडा नव्हेच!’ आणि त्याचं बरोबर असतं. १९६५च्या ‘बॅटल ऑफ द बल्ज’मध्ये जर्मन टायगर म्हणून जे धडधडत येतात, ते अमेरिकी बनावटीचे पॅटन आहेत. खऱ्या लढाईच्या वेळी, १९४४च्या डिसेंबरात, बेल्जियममधल्या आर्देनच्या जंगलात बर्फ होतं. पडद्यावरची मोठी लढाई मात्र स्पेनमधल्या कोरड्या, उघड्या माळावर होते. ‘द डॅम बस्टर्स’मधला पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब गोल दिसतो. खरा होता पिंपासारखा, पण १९५५ साली ते अजून लष्करी गुपित होतं. असल्या चुका शोधायला मजा येते. त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

जर्मन छावणीतून युद्धकैद्यांनी केलेल्या पलायनावरच्या ‘द ग्रेट एस्केप’मध्ये नट स्टीव्ह मॅक्वीन मोटरसायकलवरून काटेरी तारांवर झेप घेतो. असं काही घडलंच नव्हतं. त्या छावणीतले अमेरिकी कैदी तर पलायनाच्या आधीच दुसऱ्या कुंपणात हलवले होते. पण १९४४च्या मार्चमध्ये भुयारातून ७६ जण निसटले, त्यातले तिघेच सुखरूप पोहोचले आणि ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या, हा हिशेब चित्रपटाने चोख ठेवला. चित्रपट अर्पणही त्या पन्नासांनाच केला आहे. त्या झेपेला मी खुशाल शिट्टी मारतो.

शिट्टी अडते ती ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ला. डेव्हिड लीनचा १९५७चा हा चित्रपट देखणा आहे, सात ऑस्कर उगाच मिळाले नाहीत. त्यातला जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल निकल्सन शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देण्याच्या हट्टाला पेटतो. खरा पूल जिथे बांधला गेला, त्या थायलंडमधल्या तामार्कानच्या छावणीत कैद्यांचा प्रमुख होता लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी. त्याची सगळी धडपड आपली माणसं जगवण्याची. त्याच्या कैद्यांनी काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवलं आणि लाकडी पुलाच्या खांबांमध्ये वाळवी आणून सोडली! कल्पना करा, उपाशी माणसं मुठीमुठीने वाळवी गोळा करताहेत. कुठल्या पटकथाकाराला सुचेल हे? आणि सायतो नावाचा छावणीतला जपानी सार्जंट-मेजर तुलनेने माणुसकीने वागणारा होता. युद्धानंतर टूसीने त्याच्या बाजूने शब्द टाकला. पडद्यावर त्याच नावाचा माणूस कसा रंगवलाय, ते तुम्ही पाहिलंच असेल.

त्याहून मोठी गोष्ट चित्रपटात जवळजवळ दिसतच नाही. हा पूल ज्या रेल्वेसाठी होता, त्या सुमारे ४१५ किलोमीटरच्या ब्रह्मदेश–थायलंड रेल्वेवर बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले. पण मलायातल्या रबरमळ्यांवरचे तमिळ, ब्रह्मी, जावातले असे आशियाई मजूर किती मेले? अंदाज ९०,०००च्या आसपासचा आहे. कैद्यांनी निदान आठवणी लिहिल्या, तक्रारी केल्या. या मजुरांच्या वाट्याला तेही फारसं आलं नाही. चित्रपटाची ताकद अशी, की पर्यटक ‘क्वाय’वरचा पूल शोधत येऊ लागले. तो पूल मुळात मे क्लाँग नदीवर! मग १९६०च्या दशकात नदीच्या त्या भागाचं नावच बदलून क्वे याई करण्यात आलं.

बचाव ठरलेला असतो: ‘ही काल्पनिक कथा आहे, आम्ही टूसीचं नाव कुठे घेतलं?’ घेतलं नाही, मान्य. पण पूल खरा, रेल्वे खरी, आणि तिथल्या कैद्यांचा प्रमुख कोण होता हे सोबतच्या प्रत्येकाला ठाऊक. ‘झुलू’ या चित्रपटाने तर तेवढाही आडपडदा ठेवला नाही. १८७९मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टला झुलूंविरुद्ध इस्पितळ लढवून व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळवणारा ब्रिटिश सैनिक हेन्री हूक दारूला न शिवणारा माणूस होता. चित्रपटात त्याच नावाने तो कामचुकार दारुडा आहे. शेवटी तोही शौर्य गाजवतो, कारण बिघडलेला माणूस सुधारला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांसाठी आधी त्याला बिघडवावं लागलं, एवढंच.

नमस्कार.