दत्तक क्षेत्रातलं समाजकार्य: ही फाइल कुणासाठी लिहायची?

नमस्कार श्रोतेहो.

दत्तक क्षेत्रात समाजकार्यकर्ता व्हायचंय असं म्हणणारी तरुण मुलंमुली भेटली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग असतो. बाळ नव्या आईबाबांच्या हाती दिलं जातंय, सगळ्यांचे डोळे भरून आलेत, आणि बाजूला आपण उभे आहोत. प्रसंग खरा आहे, गोडही आहे. पण तो तासाभरात उरकतो. त्याच्या आधी महिनोन्महिने आणि नंतर कित्येक वर्षं जे चालतं, ते म्हणजे ऐकणं, पडताळणं आणि लिहून ठेवणं. लिहायचा कंटाळा असणाऱ्यांनी या वाटेला यायच्या आधी दोनदा विचार करावा, असं मी स्पष्टच सांगते.

दत्तक ही फार जुनी सोय. पण ती होती मोठ्या माणसांची सोय. प्राचीन रोममध्ये वारस हवा म्हणून चांगले कर्ते पुरुष दत्तक घेतले जात. सम्राट ऑगस्टसने तिबेरियसला दत्तक घेतलं तेव्हा तिबेरियस चाळिशी ओलांडलेला, लढाया मारलेला सेनापती होता. मुलाचं हित कायद्यात शिरायला फार उशीर लागला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५१ साली कायदा केला, त्यात दत्तक घेणारे मुलाला नीट वाढवू शकतील याची न्यायाधीशाने खात्री करून घ्यावी, असं आलं. पण खात्री करायची कशी? न्यायाधीश काही कुणाच्या घरी जाऊन बसणार नव्हता. मग १९१७ साली मिनेसोटा राज्याने अशी चौकशी कायद्यानेच बंधनकारक केली. आज आपण जिला गृहभेट आणि गृह अभ्यास अहवाल म्हणतो, तिची मुळं तिथे आहेत.

या कामात आपल्यासमोर तीन बाजू असतात: मूल, त्याचे जन्मदाते आणि दत्तक घेऊ इच्छिणारे पालक. यातले इच्छुक पालक फोन करतात, रडतात, चिडतात, वरिष्ठांकडे तक्रारही करतात. त्यात वावगं काही नाही, बिचारे वर्षानुवर्षं वाट पाहत असतात. जन्मदाती आई बहुधा गप्प असते. आणि सहा महिन्यांचं मूल तर काहीच म्हणत नाही. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे काम आपसूक झुकायला लागतं. ते झुकू न देणं, यासाठीच आपल्याला पगार मिळतो. आपण कुटुंबासाठी मूल शोधत नाही, मुलासाठी कुटुंब शोधतो. हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवलं जातं. पाळायला मात्र अवघड जातं.

गृहभेटीबद्दल लोकांना वाटतं, कुणीतरी येऊन फडताळं उघडून पाहणार, घर किती मोठं आहे ते मोजणार. म्हणून भेटीच्या आदल्या दिवशी घर लख्ख केलं जातं. खरं तर घर सुरक्षित आहे एवढं पाहिलं की तो भाग संपतो. उत्पन्न, आरोग्य, पोलीस पडताळणी ही कागदपत्रंही ठरावीकच. वेळ लागतो तो बोलण्याला. दोघांशी एकत्र, मग प्रत्येकाशी वेगळं, घरात आधीचं मूल किंवा आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशीही. लहानपणी तुम्ही हट्ट केला की घरी काय व्हायचं? वडिलांना राग आला की ते काय करायचे? तुमचं शेवटचं मोठं भांडण कशावरून झालं आणि आधी कोण बोललं? ‘आमच्यात भांडणं होतच नाहीत’ असं सांगणाऱ्या जोडप्यापेक्षा, एकमेकांकडे पाहून हसत ‘यानेच अबोला सोडला’ म्हणणारं जोडपं मला जास्त भरवशाचं वाटतं.

एक विषय टाळता येत नाही. आपलं मूल व्हावं म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं उपचार घेतले, त्यांच्या मनातलं ते दुःख कुठवर निवलं आहे? ते पूर्ण संपावं अशी अट कुणी घालत नाही. पण न जन्मलेल्या मुलाची जागा भरायला म्हणून हे मूल आणलं जाणार असेल, तर त्याच्यावर जन्मभर एक अदृश्य तुलना लादली जाते. दुसरा प्रश्न: तू दत्तक आहेस हे मुलाला कधी सांगणार? ‘मोठं झाल्यावर बघू’ हे उत्तर आलं की समजायचं, इथे अजून दोन-तीन बैठका लागणार. अगदी तान्हेपणापासून, बोलता-बोलता, गोष्टी सांगता-सांगता हे कळत जावं, यावर या क्षेत्रात आता फारसं दुमत उरलेलं नाही. आणि कधी नकारही द्यावा लागतो. चांगल्या, सुशिक्षित, प्रेमळ वाटणाऱ्या माणसांना तोंडावर, कारणासह. त्याचा सराव होत नाही, निदान व्हायला नको.

आता जन्मदात्या आईकडे येऊ. आंतरदेशीय दत्तकविधानाबद्दल १९९३ साली द हेग इथे जो करार झाला, त्यात संमतीबद्दल चार गोष्टी नेमक्या सांगितल्या आहेत: ती मोकळेपणाने दिलेली असावी, लेखी असावी, पैशाच्या मोबदल्यात मिळवलेली नसावी, आणि आईची संमती बाळाच्या जन्मानंतरचीच असावी. कागदावर हे सोपं दिसतं. समोर एकटी, घाबरलेली, कदाचित अजून शाळकरी वयाची मुलगी बसलेली असते तेव्हा सोपं नसतं. मूल स्वतःकडे ठेवायचं तर कुठली मदत मिळू शकेल, नातेवाइकांपैकी कुणी सांभाळेल का, निर्णय बदलायचा तर मुदत किती, हे सगळं तिला तिच्या भाषेत सांगायचं आणि मग गप्प बसायचं. तिला कुठल्याही बाजूला ढकलायचं नाही. शक्यतो तिच्याशी बोलणारी व्यक्ती आणि इच्छुक पालकांशी बोलणारी व्यक्ती वेगळी असावी. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात अविवाहित आयांवर दबाव आणून त्यांची मुलं दत्तक दिली गेली. २१ मार्च २०१३ रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी त्याबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. त्या प्रकरणांत समाजकार्यकर्त्यांचाही हात होता. आपल्या पेशाने हे विसरून चालणार नाही.

मग इतकी छाननी करण्यापेक्षा जरा भराभर का उरकत नाही, असंही विचारलं जातं, आणि त्यातही तथ्य आहे. १९८९ नंतर रुमेनियातल्या अनाथालयांमधून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा बालमानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं मागोवा घेतला. जी मुलं सहा महिन्यांची व्हायच्या आत तिथून बाहेर पडली, ती पुढे बरीचशी इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांमध्ये अडचणींचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. म्हणजे टेबलावर पडून राहिलेल्या कागदाची किंमत मूल मोजतं. चौकशी कसून करायची आणि कागद मात्र अडवायचा नाही, हे दोन्ही एकाच माणसाला जमावं लागतं.

मूल नव्या घरी जातं तेव्हाच्या काही बारीक गोष्टी पुस्तकात कमी आणि कामात जास्त शिकायला मिळतात. आतापर्यंत त्याला सांभाळणाऱ्या बाईंकडून विचारून घ्यायचं: कुठल्या कुशीवर झोपतं, दूध किती कोमट लागतं, रडायला लागलं की काय गुणगुणता, कशाला दचकतं. हे लिहून नव्या आईबाबांना द्यायचं. शक्य असेल तर त्यांनी आधी काही दिवस येऊन मुलाला भरवावं, न्हाऊ घालावं, मगच न्यावं. आणि त्याची रोजची चादर सोबत द्यायची ती न धुता. नवं कुटुंब येणार म्हणून सगळं धुऊन, घडी घालून द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. पण त्या बाळाचं सगळं जग एका दिवसात बदलणार असतं, आणि ओळखीचं उरणार असतो तो फक्त चादरीचा वास.

यानंतर पाठपुराव्याच्या भेटी. पहिल्या महिन्यांत आईबाबा हसत दार उघडतात आणि सगळं छान आहे म्हणून सांगतात, कारण मनात भीती असते की काही कमी-जास्त बोललो तर मूल परत घेतील. मुलाबद्दल अजून माया वाटत नाही, रात्री रडू येतं, हे नव्या आईने कबूल करायला तिचा तुमच्यावर विश्वास बसावा लागतो. मोठ्या वयाचं मूल असेल तर आणखी वेगळं. भरपूर खाऊ असूनही ते उशीखाली लपवून ठेवतं. घरच्यांना वाटतं, चोरी करतंय. कधीकाळी पोट रिकामं राहिलेलं असतं, म्हणून शरीर तरतूद करून ठेवतं, हे त्यांना समजावायचं. आणि ओरडण्याऐवजी त्याच्या हाताला येईल असा खाऊचा डबा कायम भरलेला ठेवायला सांगायचं. भावंडं शक्यतो एकत्र द्यायची, हेही इथेच सांगून ठेवते.

आता फाइल. स्कॉटलंडमध्ये १९३०च्या कायद्यापासूनच दत्तक गेलेल्या व्यक्तीला मोठेपणी आपली जन्मनोंद पाहता येत होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा हक्क १९७५च्या कायद्याने आला. हेग करारानेही मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवायची जबाबदारी देशांवर टाकली आहे. ती नीट पाळली नाही तर काय होतं? दक्षिण कोरियातून अनेक दशकं हजारो मुलं परदेशी दत्तक गेली. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०२५ साली जाहीर केलं, की त्यातल्या कित्येक नोंदी बनावट होत्या. आईवडील हयात असलेल्या मुलांनाही अनाथ दाखवलं गेलं होतं. कुणीतरी कार्यालयात बसून, हातात पेन धरून, ती ओळ लिहिली होती. आणि पन्नाशीला आलेली माणसं आज त्या ओळीपाशी येऊन अडतात.

म्हणून विद्यार्थ्यांना मी एकच शिस्त लावते. ‘आई बेजबाबदार, बाळाबद्दल आस्था नाही’ असं लिहायचं नाही. तुम्ही जे पाहिलंत ते लिहा. ‘आईने बाळाला दोनदा जवळ घेतलं. नाव काय ठेवणार विचारल्यावर लगेच सांगितलं. निघताना पाळण्याकडे पाहिलं नाही.’ यातून काय अर्थ काढायचा ते ज्याची ही आई आहे त्याला ठरवू द्या. तो आज पाळण्यात आहे, पण या अहवालाचा खरा वाचक तोच. आईने दिलेलं नाव, एखादा फोटो, चिठ्ठी असेल तर तीही फाइलीत जपायची.

करिअर म्हणून विचार करणाऱ्यांसाठी आता थोडं व्यवहाराचं. बहुतेक ठिकाणी समाजकार्याची पदवी, आणि गृह अभ्यास किंवा समुपदेशनासाठी पदव्युत्तर शिक्षण मागतात. काही देशांत व्यावसायिक नोंदणी किंवा परवानाही लागतो. बालविकास आणि कुटुंबविषयक कायदा हे पेपर मन लावून करा. नोकऱ्या सरकारी बालकल्याण विभागांत, दत्तक संस्थांत, रुग्णालयांत, न्यायालयांशी जोडलेल्या सेवांत असतात. पण वारं बदललंय. अमेरिकेत २००४ साली परदेशातून सुमारे २३ हजार मुलं दत्तक आली होती. २०२३ पर्यंत हा वार्षिक आकडा दीड हजाराच्याही खाली गेला. इथिओपियाने २०१८ साली परदेशी दत्तक बंद केलं. चीननेही २०२४ साली, नात्यातले अपवाद सोडून, ते थांबवलं. तेव्हा तान्ही बाळं परदेशी पाठवण्याचं काम आक्रसत चाललंय. वाढतंय ते मोठ्या मुलांसाठी घरं शोधण्याचं, नात्यातच मूल सांभाळलं जावं म्हणून मदत करण्याचं, दत्तकोत्तर समुपदेशनाचं आणि मूळ शोधायला आलेल्या प्रौढांना साथ देण्याचं. माझ्या मते हे चांगलंच झालं.

थकवा येतो, हेही ऐकून ठेवा. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकून घरी गेल्यावर घरच्यांशी बोलावंसं वाटत नाही, असे दिवस येतात. त्यावर चांगला पर्यवेक्षक लागतो, ज्याच्यासमोर दर आठवड्याला मन मोकळं करता येईल. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगार विचाराच, पण आणखी तीन गोष्टी विचारा. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी किती प्रकरणं असतात? पर्यवेक्षणाची बैठक ठरलेल्या वेळी होते की वेळ मिळेल तेव्हा? आणि उद्या संस्था बंद पडली तर या फाइली कुणाच्या ताब्यात जातात? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर जरा थांबा, दुसरीकडेही चौकशी करा. त्याने उठून फाइलींची खोली दाखवली, तर अर्ज भरायला हरकत नाही.

नमस्कार.