लुखा नदीचं निळं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मेघालयात, पूर्व जयंतिया हिल्स जिल्ह्यात लुखा नावाची नदी आहे. हिवाळ्यात तिचं पाणी निळंशार होतं. पाहणारा हरखून जातो. पण काठच्या लोकांनी याच दिवसांत तिच्यात मेलेले मासे तरंगताना पाहिलेत. तिथले लोक सिमेंट कारखान्यांकडेही बोट दाखवतात, पण मोठा दोष वरच्या डोंगरांतल्या कोळसा खाणींचा आहे.

या खाणी ‘रॅट होल’ पद्धतीच्या. 2023 साली उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यातून 41 कामगारांना सोडवणारे खोदकामगार याच कामात तरबेज होते. आधी विहिरीसारखा उभा खड्डा घ्यायचा आणि कोळशाचा थर लागला की आडवं बीळ खणत जायचं, माणूस रांगत जाईल एवढंच.

आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक बहुधा एक टक्क्याच्या आत असतं. जयंतियाच्या कोळशात ते कितीतरी जास्त आहे. त्यात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. जमिनीत गाडलेलं असेपर्यंत ते कुणाचं काही बिघडवत नाही. बीळ खणलं की त्याला हवा आणि पाणी लागतं, आणि गंधकाम्ल तयार होतं. खाणीतून उपसलेलं हे पाणी ओढ्यात जातं. रस्त्याकडेला रचलेल्या कोळशाच्या ढिगांवर पाऊस कोसळतो, तेही पाणी ओढ्यातच उतरतं. काही ओढ्यांचा सामू, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा, 4 च्याही खाली मोजला गेलाय; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. एवढ्या आम्लात मासा जगत नाही. आसामात कोपिली जलविद्युत प्रकल्पाची लोखंडी यंत्रं अशाच पाण्यानं खाल्ली, तिथं माशाच्या कल्ल्यांचं काय होणार!

एप्रिल 2014 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं या खाणकामावर बंदी घातली. तरी 13 डिसेंबर 2018 रोजी याच जिल्ह्यातल्या क्सान इथल्या बेकायदा खाणीत पाणी घुसलं आणि 15 मजूर आत अडकले. पुढच्याच महिन्यात न्यायाधिकरणानं राज्य सरकारला 100 कोटी रुपये भरायला सांगितलं.

मला कळकळीनं सांगायचंय ते हे, की खाण बंद झाली तरी आम्ल थांबत नाही. सोडून दिलेल्या बिळांत पावसाचं पाणी साचतं, झिरपतं, वर्षानुवर्षं ओढ्याला मिळत राहतं. म्हणून नुसती बंदी पुरणार नाही, जुने खड्डे बुजवलेच पाहिजेत. आम्ल मारायला चुनखडी लागते, आणि ती याच जिल्ह्यात मुबलक आहे. ओढ्यांत चुनखडीचे चर घालता येतात. मात्र दगडांवर गंजाचा थर चढला की ते निकामी होतात, तेव्हा ते साफ करायला माणसं आणि पैसा दरवर्षी ठेवावा लागेल.