निवृत्तमांस : भवभूतीच्या एका शब्दाबद्दल

(ग्वाल्हेरच्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या लग्नांत नवरामुलगा मांडवात आला की त्याला मधुपर्क देतात. दही, मध, झालंच तर तूप. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या लग्नांत बँडच्या दणदणाटात गुरुजींचा मंत्र ऐकूही येत नाही आणि विधी आटोपतो. पण आश्वलायन गृह्यसूत्र, म्हणजे घरगुती विधींचा जुना वैदिक ग्रंथ, उघडलं तर तिथे सरळ वाक्य आहे : ‘नामांसो मधुपर्को भवति.’ मांसाशिवाय मधुपर्क होत नाही.

त्याच सूत्रात पुढची रीत अशी : मान्य पाहुणा आला की त्याला गाय आणल्याचं सांगायचं. तो ‘ॐ कुरुत’ म्हणाला तर तिचा वध करायचा, ‘ॐ उत्सृजत’ म्हणाला तर तिला सोडायचं. सोडताना म्हणायची ऋचा ऋग्वेदाच्या ८व्या मंडलातली आहे, ‘मा गामनागामदितिं वधिष्ट’. या निरपराध गाईला मारू नका. म्हणजे ‘वेदकाळी गोमांस खात’ म्हणणाऱ्याला पुरावा इथेच मिळतो आणि ‘वेदात गाय अवध्य आहे’ म्हणणाऱ्यालाही इथेच. दोघं आपापली ओळ फाडून नेतात. मधली गोष्ट, म्हणजे निवड पाहुण्याची होती, ती दोघांच्याही हातून गळते.

आता आपल्या माणसाकडे येऊ. संस्कृत नाटककार भवभूती ८व्या शतकातला, मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याचं ‘मालतीमाधव’ हे नाटक घडतं पद्मावतीत, आणि पद्मावती म्हणजे आपल्या डबऱ्याजवळचं पवाया, सिंध आणि पार्वतीच्या संगमावरचं. विदर्भातून निघून ग्वाल्हेरच्या मुलखात रमलेला लेखक म्हटल्यावर इथल्या मराठी माणसाला तो घरचा वाटला तर नवल नाही. पण मला आज हवं आहे त्याचं ‘उत्तररामचरित’, चौथा अंक.

वाल्मीकींच्या आश्रमात पाहुणे आलेत, म्हणून विद्यार्थ्यांना सुट्टी. सौधातकी नावाचा एक खट्याळ शिष्य सोबत्याला विचारतो, हे दाढीवाले म्हातारे कोण? वसिष्ठ, असं उत्तर येतं. मला वाटलं वाघ नाहीतर लांडगा आला, हा म्हणतो, कारण आल्या आल्या ती बिचारी कालवड मटकावली! मूळ प्राकृत वाक्याच्या संस्कृत रूपात ‘मडमडायिता’ असं हाडं फोडल्याच्या आवाजाचं क्रियापद आहे. साक्षात रघुकुलाच्या गुरूंबद्दल हे भवभूती लिहितो, आणि हा काही टवाळ लेखक नव्हे, कर्मठ श्रोत्रियांच्या, म्हणजे वेदपाठी ब्राह्मणांच्या, घरातला आहे.

सोबती त्याला समजावतो की समांस मधुपर्काची वेदाज्ञा मानणारे गृहस्थ असंच करतात. सौधातकी ऐकत नाही. मग जनकराजा आला तेव्हा वाल्मीकींनी नुसत्या दही-मधावर का भागवलं? कालवड का सोडून दिली? त्यावर उत्तर असं : तो विधी ज्यांनी मांस सोडलेलं नाही त्यांच्यासाठी; जनक ‘निवृत्तमांस’ आहेत. सीतेवर ओढवलेलं ऐकल्यापासून हा बाप वानप्रस्थ होऊन तप करतो आहे.

आपण आज ‘शाकाहारी’ म्हणतो. त्यात जन्म येतो, जात येते, हल्ली सोसायटीत फ्लॅट मिळणं न मिळणंही येतं. निवृत्त म्हणजे मागे वळलेला, आणि वळायला आधी त्या वाटेवर असावं लागतं. मनुस्मृतीच्या ५व्या अध्यायातला ‘न मांसभक्षणे दोषः’ हा श्लोक मटणाच्या पंगतीत हमखास कुणीतरी म्हणतो, आणि अर्धाच म्हणतो. पूर्ण श्लोक सांगतो की मांस, मद्य, मैथुन यांत दोष नाही, ही प्राण्यांची प्रवृत्तीच आहे, ‘निवृत्तिस्तु महाफला’. दोष नाही, पण सोडलं तर फळ मोठं. त्याच अध्यायात हिंसेशिवाय मांस मिळत नाही, म्हणून ते टाळावं, असंही आहे, आणि यज्ञातलं मांस खावं असंही. एकसूत्रीपणा शोधणाऱ्याने मनूकडे जाऊच नये.

मराठीत ही निवृत्ती जिवंत आहे ती माळकऱ्यांत. पंढरीची माळ घातली की मटण-मासे सुटले. पण ज्याने माळ घातली त्याचे सुटले! सासू माळकरी आणि थोरला मुलगा रविवारी बाजारातून मटण आणतो, अशी घरं काही थोडी नाहीत. तिची भांडी वेगळी, चूल वेगळी, घर एक. महाभारतातला धर्मव्याध तर मिथिलेच्या बाजारात मांस विकायचा, स्वतः खात नसे, आणि कौशिक ब्राह्मणाला धर्म त्याच्याकडून शिकावा लागला. आश्रमात वसिष्ठांना एक पान आणि जनकाला दुसरं वाढणारे वाल्मीकी या परंपरेत एकटे नाहीत.

आता तुम्ही विचारणार, मग गाईचं काय? बंद कधी झालं? पुढच्या धर्मशास्त्रकारांनी कलिवर्ज्यांची यादी केली : ‘अश्वालम्भं गवालम्भं संन्यासं पलपैतृकम्’, आणि दिरापासून संतती. घोड्याचा आलंभ म्हणजे यज्ञातला वध, गाईचा आलंभ, संन्यास, श्राद्धातलं मांस आणि दिरापासून संतती, हे पाचही कलियुगात वर्ज्य. यादी करणाऱ्यांना पूर्वी काय चालत होतं ते ठाऊक होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी फक्त ‘आता नको’ म्हटलं. आणि याच यादीत संन्यासही आहे. तो मात्र कुणी बंद केला नाही, शंकराचार्यांच्या पीठांवर आजही संन्यासीच बसतात.